पॅनोरमाच्या आकाशात पट्टे का येतात?

प्रश्न: मनाली-लेह-हानले अशी जीपची सफर केली. लडाखमधल्या मोरे प्लेन्स पठारावर आणि पँगाँग तळ्याकाठी हातात कॅमेरा धरून प्रत्येकी सात-आठ फ्रेम घेतल्या आणि घरी आल्यावर जोडून एकच रुंद चित्र (पॅनोरमा) केलं. आकाशात गडद-फिकट पट्टे आलेत, तळं धनुष्यासारखं वाकलंय आणि खाली आलेलं जीपचं बोनेट दोन ठिकाणी तुटलंय. आता काही करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पट्टे आणि वाक बऱ्यापैकी दुरुस्त होतील. बोनेटचा भरवसा देता येत नाही.

आधी पट्टे कुठल्या जातीचे आहेत ते पाहा. दर जोडावर आकाशाचा रंग पायरीसारखा बदलत असेल, तर कॅमेरा ऑटोवर होता. सूर्याच्या बाजूच्या फ्रेमला त्याने कमी प्रकाश दिला, विरुद्ध बाजूला जास्त. त्यात लेन्समुळे काळवंडलेले कोपरे जोडावर येऊन बसतात. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) असतील तर सगळ्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) एकाच आकड्यावर आणा, ५३०० केल्विन चालेल. मग मधली फ्रेम मुख्य धरून लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधला ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ हा पर्याय वापरा. लेन्स करेक्शन चालू करून १६ बिटच्या टिफ फाइल काढा आणि हगिनमध्ये जोडा. पॅनोरमा जोडणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एक्स्पोजर व कोपऱ्यांचा उरलासुरला फरक त्यातल्या फोटोमेट्रिक ऑप्टिमायझेशनने मिटतो. नुसते जेपेग असले तरी निम्म्याहून अधिक काम होतं.

जोडांशी संबंध नसलेला, कडांना विरत गेलेला एकच रुंद गडद पट्टा असेल, तर तो पोलरायझरचा, म्हणजे आकाश गडद करणाऱ्या फिल्टरचा प्रताप. सूर्यापासून ९० अंशांवर आकाश सर्वांत गडद होतं आणि रुंद पॅनोरमात तो भाग हमखास सापडतो. कुठलंही सॉफ्टवेअर ही चूक म्हणून ओळखत नाही, कारण फ्रेम एकमेकींशी नीट जुळलेल्याच असतात. जोडलेल्या चित्रात पट्ट्यावर मऊ कडांचा मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) टाकून एक्स्पोजर पाव ते अर्धा स्टॉप वाढवा आणि निळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पूर्ण सपाट करायला जाऊ नका, मग रंगाचे ओघळ दिसू लागतात.

तळ्याच्या वाकाची कारणं दोन. कॅमेरा खाली किंवा वर झुकवून फिरवला की पलीकडचा काठसुद्धा वाकतो. हगिनमध्ये तंबूचा किंवा पाटीचा खांब अशा खरोखर उभ्या वस्तूंवर दोन-तीन ‘व्हर्टिकल लाइन’ देऊन पुन्हा ऑप्टिमाइझ करा. डोंगराच्या धारेवर मात्र भिस्त ठेवू नका, ती सरळ नसतेच. दुसरं, तुमच्या पायाजवळचा सरळ काठ सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये (चित्र नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं मांडण्याच्या पद्धतीत) वाकलेलाच दिसणार. तो दोष नाही. सरळ रेषा सरळच ठेवणारं रेक्टिलिनिअर प्रोजेक्शन निवडलं तर सरळ होईल, पण शंभरेक अंशांपुढे दोन्ही टोकांचे डोंगर रबरासारखे ताणले जातात. त्यापेक्षा खालून क्रॉप करा.

आता बोनेट. हात लांब करून अंगाभोवती फिरलं की लेन्स दर फ्रेमला साधारण १० सेंटिमीटर सरकते. ५० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात २ मीटरवरची वस्तू त्यामुळे चारशेच्या वर पिक्सेल हलते, २०० मीटरवरची जेमतेम ४. सॉफ्टवेअर डोंगर जुळवेल तर बोनेट फुटेल आणि बोनेट जुळवेल तर डोंगर. बोनेटवरचे सगळे कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेम जुळवण्याच्या खुणा) काढून टाका आणि ते ज्या एका फ्रेममध्ये पूर्ण आलंय ती सोडून बाकी फ्रेममध्ये त्यावर मास्क लावून ते झाका. कुठल्याच फ्रेममध्ये पूर्ण नसेल तर कापा.

प्रश्न: प्रत्येक पॅनोरमात आकाशात सारख्या अंतरावर करडे ठिपके दिसतात. (सातारा)

उत्तर: सेन्सरवरची धूळ. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात लेन्स बदलली की ही बसलीच. जोडण्याआधी एका फ्रेममध्ये ठिपका डाग पुसणाऱ्या हील टूलने पुसून तीच सेटिंग बाकीच्यांवर सिंक करा, जोडल्यावर एकेक पुसत बसावं लागतं. लेन्सचं छिद्र लहान केलं, म्हणजे एफ-१६ ला, की ठिपके ठळक होतात, मोठ्या छिद्राला, एफ-८ ला, बरेचसे विरतात.

प्रश्न: उन्हाळ्यात गाडी घेऊन स्पितीला जातोय. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम आणि ५० मिमी लेन्स आहे. दिवाणखान्यासाठी सहा फुटी प्रिंट हवा. १८० अंशांसाठी किती फ्रेम लागतील? (पुणे)

उत्तर: कॅमेरा उभा धरला की एका फ्रेममध्ये आडवे २७ अंश येतात. शेजारच्या फ्रेमशी ३० टक्के ओव्हरलॅप धरला तर पुढची प्रत्येक फ्रेम १९ अंशांची भर घालते. म्हणजे १८० अंशांना नऊ-दहा फ्रेम. पण त्यातून सुमारे २६,००० बाय ५,००० पिक्सेलची लांबलचक पट्टी मिळते. सहा फुटांत तिची उंची १४ इंचही भरत नाही आणि चंद्रताल तळ्यामागचे डोंगर मुंगीएवढे होतात. आमचं मत १२० अंशांना. सहा फ्रेम पुरतात, एखादी जादा घ्या. रुंदी साधारण १७,४०० पिक्सेल होते, म्हणजे इंचाला २४० पिक्सेल धरले तर बरोबर सहा फूट, आणि उंची २० इंच.

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ-८. शटर सर्वांत उजळ फ्रेमवर, म्हणजे ढग किंवा बर्फाच्या बाजूला बघून ठरवा आणि मग हलवू नका. फोकस लांबच्या डोंगरावर घेऊन मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स डेलाइट, फाइल रॉ. पोलरायझर काढून ठेवा, त्या उंचीवर आकाश तसंही गर्द असतं. गाडीपासून पंधराएक मीटर लांब जाऊन उभे राहा. ढग पळत असतात, म्हणून सगळ्या फ्रेम अर्ध्या मिनिटात उरका. प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर तळहाताचा एक फोटो घ्या, घरी शेकडो सारख्या फ्रेममधून मालिका वेगळ्या काढणं त्यामुळे सोपं जातं.