आई-बाबांना घेऊन तीन दिवस लास वेगासला जातोय. घरात कोणी जुगार खेळत नाही. तिथे करायचं काय?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीचे, दोघंही शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात, आणि मार्चमध्ये भावाकडून, म्हणजे लॉस एंजेलिसहून, गाडीने जायचंय. आमचीही अवस्था थोड्याफार फरकाने हीच होती. मी पुण्यात एका बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत. आमचे हे रमीसुद्धा बिनपैशांची खेळतात. मुलगा फिनिक्सला असतो म्हणून वेगासला दोनदा जाणं झालं, एकदा 2019 ला आणि एकदा गेल्या मार्चमध्ये. पहिल्या खेपेला चुका केल्या, दुसऱ्या खेपेला मजा केली.

आमची मुख्य चूक म्हणजे दिवसभर त्या झगमगाटी रस्त्यावर, स्ट्रिपवर, फिरत बसलो. दिवसाउजेडी स्ट्रिप म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा लक्ष्मी रोड. तेव्हा सकाळी लवकर उठून शहराबाहेर पडा, दुपारी खोलीवर येऊन ताणून द्या आणि दिवे लागले की बाहेर पडा. आई-बाबांना हे वेळापत्रक मानवेल. तसंही विमानप्रवासानंतर त्यांना पहाटे चारला जाग येणारच आहे.

पहिली सकाळ हूवर धरणाला द्या. वेगासपासून पन्नासेक किलोमीटर. "धरण काय बघायचं, खडकवासला आहे की," असं आमचे हे म्हणाले होते आणि कठड्यावरून खाली बघितल्यावर गप्प झाले. उंची 221 मीटर, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त, आणि दोन कड्यांच्या मध्ये काँक्रीटची पाचर ठोकल्यासारखी ती भिंत. 1931 ला काम सुरू झालं आणि 1936 ला संपलं. धरणाच्या मधोमध नेवाडा आणि अॅरिझोना या दोन राज्यांची हद्द आहे, आणि पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक अॅरिझोनाचं. ह्यांनी दोन्ही बघितली, दोन्हीत तीच वेळ. "दोन राज्यांची दोन वेगळी घड्याळं म्हणे! हे आपलं शोभेचंच." मग मुलाने सांगितलं की उन्हाळ्यासाठी नेवाडा घड्याळ तासभर पुढे करतं आणि अॅरिझोना करत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त वर्ष दोन्हीकडे एकच वेळ असते. हिवाळ्यात जाल तर भिंतीवर चार पावलं टाकून एक तास कमावता किंवा गमावता येतो.

आपण पुणेकर जुलै उजाडला की पेपरात आधी धरणातला साठा बघतो, त्यामुळे तिथली पांढरी पट्टी लगेच डोळ्यात भरते. मागच्या मीड सरोवराच्या काठावर, खडकावर, पाणी पूर्वी कुठवर होतं त्याची ती खूण आहे. आपली चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी, आणि हे एकटं तुडुंब भरलं तर हजार टीएमसीच्या वर. पण 2022 च्या जुलैत ते पहिल्यांदा भरलं तेव्हापासूनच्या नीचांकाला गेलं होतं. वेगासचं पिण्याचं पाणी बहुतेक सगळं इथलंच. म्हणून तिथे हॉटेलांच्या बाथरूममधलं सांडपाणी शुद्ध करून जवळजवळ सगळं परत याच सरोवरात सोडतात. बाबांना अशा गोष्टींत रस असेल तर आतल्या वीजघराची सहल घ्या, लिफ्टने नेतात.

परतीच्या वाटेवर बोल्डर सिटी नावाचं शांत गाव लागतं, तिथे जेवायला थांबा. धरणाच्या कामगारांसाठी सरकारने वसवलेलं हे गाव, आणि इथे जुगाराला आजही बंदी आहे. गंमत अशी की नेवाडाने जुगार कायदेशीर केला तो 1931 लाच. म्हणजे मजुरी धरणावर मिळायची आणि उडायची वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर. त्याआधी वेगास म्हणजे 1905 ला रेल्वेने जमिनीचे लिलाव करून वसवलेलं एक थांब्याचं गाव होतं. हे डोक्यात ठेवून संध्याकाळी ते दिवे बघितले की वेगळेच दिसतात.

दुसरी सकाळ व्हॅली ऑफ फायर. ऐंशी किलोमीटर, रस्ता मोकळा. आपल्या डोळ्याला सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय, आणि इथे सगळा वालुकाश्म कुंकवासारखा लाल, मधूनच गुलाबी, मधूनच पांढऱ्या पट्ट्यांचा. सूर्य डोक्यावर यायच्या आत पोहोचा. अॅटलाटल रॉक म्हणून एक खडक आहे, त्यावर लोखंडी जिना लावलाय आणि वर मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. कोकणातली कातळशिल्पं बघितली असतील तर तुम्ही तिथे अर्धा तास हलणार नाही. बाबांना जिना जमला नाही तरी खालूनही बरंच दिसतं. बाकीचं गाडीत बसूनच होण्यासारखं आहे. इतकं लांब जायचं नसेल तर पश्चिमेला अर्ध्या तासावर रेड रॉक कॅनियन, तिथेही गाडीतूनच चक्कर मारायचा 13 मैलांचा रस्ता आहे, पण मार्चमध्ये आत जायची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. दोन्हीकडे पाणी भरपूर न्या.

ग्रँड कॅनियन एका दिवसात करू नका. सगळे सांगतील "जवळच आहे". त्याचा दक्षिण काठ साडेचारशे किलोमीटरवर आहे, पुण्याहून पणजीला जाऊन त्याच दिवशी परत येण्यासारखं. काचेचा पूल आहे तो वेगळा, पश्चिमेकडे, हुआलापाय लोकांच्या जमिनीवर, तो साधारण दोनशे किलोमीटर. सत्तरीच्या माणसांना घेऊन तोही मला जास्तच वाटतो.

आता संध्याकाळ. बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी फुकट आहेत आणि वेगासमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच, हे माझं मत कोणी बदलू शकलेलं नाही. रात्री दर पंधरा मिनिटांनी खेळ. हॉटेलसमोरच्या गर्दीत घुसू नका, रस्ता ओलांडून आयफेल टॉवरच्या प्रतिकृतीच्या बाजूला उभे राहा. हजाराच्या वर तोट्या संगीतावर डोलतात आणि मधूनच एक फवारा शंभर मीटरच्याही वर जातो, तेव्हा तोफेसारखा आवाज होतो. वारा असेल तर खेळ रद्द करतात. वाळवंटात ही उधळपट्टी कशाला, असं मलाही वाटलं होतं, पण त्या तळ्याला मीड सरोवराचं पाणी लागत नाही, जागेची स्वतःची जुनी विहीर आहे. मग आत जा, लॉबीच्या छतावर काचेची दोनेक हजार फुलं लटकवली आहेत आणि मागे ऋतूप्रमाणे बदलणारी फुलांची मोठी बाग आहे. तीही फुकट. आईंना तिथून उठवावं लागेल.

बाकी हॉटेलं म्हणजे आपल्या मंडळांचे देखावे समजा. कोणी पिरॅमिड केलाय, कोणी व्हेनिस करून आत होड्या सोडल्यात, कोणी निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर उभा केलाय. देखावे बघत फिरतो तसंच फिरायचं, फक्त अंतरांनी फसू नका. "ते काय समोर" म्हणून निघालात की वीस मिनिटं चालणं होतं, कारण एकेका हॉटेलचा आवार म्हणजे आपली एखादी पेठ. बाबांसाठी काही हॉटेलांना जोडणाऱ्या फुकट ट्राम आहेत आणि स्ट्रिपवर ड्यूस नावाची दुमजली बस रात्रभर चालते. स्फिअर हा 2023 ला उघडलेला दिव्यांचा अजस्र गोल बाहेरूनच बघा, आतलं तिकीट मला परवडलं पण पटलं नाही. त्यापेक्षा तेच पैसे बेलाजिओतल्या पाण्यावरच्या सर्कशीला घाला. शब्द जवळजवळ नाहीतच, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्न नाही.

फ्रीमाँट स्ट्रीटला एक संध्याकाळ जा, पण आई-बाबांना आधी कल्पना देऊन. रस्त्याच्या पायी फिरायच्या भागावर दिव्यांचं छत आहे, त्यावर चित्रं पळतात, बघण्यासारखं आहे. खाली मात्र अर्धे कपडे घातलेली मंडळी फोटोसाठी अंगाला अंग लावून उभी राहतात आणि फोटो निघाला की पैसे मागतात. कोणी हातात काही कोंबलं तर घेऊ नका. आम्ही ह्यांना मध्ये घेऊन चाललो.

पैशांचं सांगते, कारण वेगासमध्ये माणूस टेबलावर कमी आणि बिलात जास्त हरतो. शुक्रवार-शनिवार टाळून रविवार ते गुरुवार राहा, भाड्यात प्रचंड फरक पडतो. रविवारी दुपारी लॉस एंजेलिसकडे परत निघू नका, लोणावळ्याहून मुंबईकडे रविवारी संध्याकाळी जे होतं तेच तिथे होतं. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी म्हणून रोजचे चाळीस-पन्नास डॉलर वेगळे असतात. मे 2025 पासून एकूण आकडा आधीच दाखवायची सक्ती झाली आहे, तरी बुक करताना शेवटचं पान नीट वाचा. पार्किंगचेही पैसे विचारून घ्या.

आणि खोलीतल्या फ्रिजला हात लावू नका. पहिल्या वेळी मी त्यातल्या बाटल्या बाजूला सरकवून ह्यांची इन्सुलिनची पेनं आत ठेवली. त्या प्रत्येक बाटलीखाली सेन्सर असतो, हलली की तुमच्या नावावर. निघताना बिलात चौसष्ट डॉलरची दारू! ह्यांच्याकडे मी जे बघितलं ते त्यांच्या अजून लक्षात आहे. काउंटरवर समजावून सांगितल्यावर रक्कम वजा झाली, पण अर्धा तास गेला. औषधासाठी वेगळा फ्रिज मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात. बऱ्याच खोल्यांत चहाची केटलही नसते. पुण्याहून आपली नेऊ नका, तिकडे दाब 110-120 व्होल्टचा, आपली केटल चौथाई ताकदीवर पाणी नुसतं कोमट करत बसते. भावाकडची घ्या. जेवणाचा फार बाऊ नको, भारतीय हॉटेलं आहेत, मेक्सिकन मिळतं, फक्त तिथल्या वाटलेल्या राजम्यात डुकराची चरबी नाही ना, हे विचारा.

खोलीकडे जायची वाट बहुतेक ठिकाणी कॅसिनोतूनच जाते आणि तिथे धूम्रपान चालतं. आईंना दम्याचा त्रास असेल तर पार्क एमजीएममध्ये राहा, तिथे आत सिगरेट पूर्ण बंद आहे.

आता कॅसिनो. खेळू नका, पण अर्धा तास उभं राहून बघा. मी रुलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी सोडतात त्या खेळाच्या, टेबलामागे उभी राहिले. चाकाला 38 घरं, छत्तीस आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर पैजेच्या 35 पट, शिवाय लावलेले पैसे परत. म्हणजे प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवला तर 38 गेले, 36 आले. शंभराला सव्वापाच कॅसिनोचे. आम्ही एफडीला एवढं व्याज द्यायचो ते वर्षाला, इथे दर फेरीला कापतात. आता तीन शून्यांची चाकंही निघाली आहेत, ती त्याहून वाईट. चाक फिरवणारी मुलगी पाळी संपवून निघाली तेव्हा तिने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि छताकडे उलटसुलट करून दाखवले, कॅमेऱ्याला, की हातात काही नाही. सतरा वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेल्या बाईला ते बघून काय वाटलं ते कसं सांगू!

मग मीही वीस डॉलर हरायचे ठरवून स्लॉट मशिनवर बसले. आता नाणी पडत नाहीत, मशीन कागदाचं तिकीट देतं. माझं आलं 3 डॉलर 85 सेंटचं. वटवायच्या यंत्राने तीन नोटा दिल्या आणि 85 सेंटची चिठ्ठी, शेजारी दानपेटी. लोक चिठ्ठी पेटीत टाकून जात होते. मला जमेना. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय. रांग लावून खिडकीवर गेले, तिथल्या बाईने पंचवीसची तीन आणि दहाचं एक नाणं काउंटरवर एका ओळीत मांडलं आणि बोटाने एकेक सरकवत मोजून दिलं. अगदी आम्ही मोजायचो तसंच.

ह्यांनी तीन दिवस मला त्या वीस डॉलरवरून ऐकवलं. परतीचं विमान वेगासहूनच होतं आणि तिथल्या विमानतळावरही, अगदी गेटपाशी, मशिनं आहेत. मी पाण्याची बाटली भरून आले तर हे एका मशिनसमोर चष्मा कपाळावर चढवून बसलेले. पाच डॉलर घातले होते. बोर्डिंगची घोषणा झाली, तिकीट निघालं 1 डॉलर 40 सेंटचं, वटवायला वेळ नव्हता. माझ्या वहीत ती रक्कम अजून "येणे" मध्ये आहे.