रांगांवर रांगा की रांगाच्या रांगा?

प्रश्न असा आहे: लष्करी दफनभूमीवरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘रो अपॉन रो’साठी ‘कबरींच्या रांगांवर रांगा’ म्हटलं तर चालेल का?

निदान दफनभूमीत तरी नको! ‘वर’ आला की मराठी वाचकाला एक रांग दुसरीच्या डोक्यावर चढलेली दिसते. इंग्रजीतला ‘अपॉन’ अशा ठिकाणी रचण्याचा अर्थ विसरून नुसती भर घालतो. जॉन मक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरांनी १९१५ साली लिहिलेल्या, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रणभूमीवरच्या कवितेत क्रूस ‘रो ऑन रो’ आहेत, पण उभे जमिनीवरच.

आपल्याकडे ‘वर’ खरोखरचे थर असतील तिथे येतो, नाहीतर एकामागून एक काही घडत असेल तिथे. लग्नात पंगतीवर पंगती उठतात. उत्तर येईना म्हणून माणूस पत्रावर पत्रं धाडतो. पण नजरेत मावणार नाही इतकं एकाच वेळी समोर पसरलं असेल, तर ‘च्या’ घ्यावा: कबरींच्या रांगाच्या रांगा.

हा ‘च्या’ मोठा हट्टी आहे. दिसतो षष्ठीचा, पण आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होऊ देत नाही आणि पुढच्या शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतही नाही. लोंढेच्या लोंढे, गावंच्या गावं, सगळाच्या सगळा. म्हणून ‘रांगाच्या’, अनुस्वाराशिवाय. ‘थव्यांचे थवे’, ‘ढिगांचे ढीग’ ही साधी षष्ठीही रूढ आहे, त्यामुळे ‘रांगांच्या रांगा’ला चूक म्हणता येणार नाही. ‘रांगा’ स्त्रीलिंगी अनेकवचन असल्यामुळे दोन्हीकडे ‘च्या’च येतो आणि फरक उरतो तो एका टिंबाचा. मुद्रितशोधनात ते टिंब हमखास दिलं जातं. मला मात्र त्याने बोलण्यातली लय गेल्यासारखी वाटते.

आणि दर वेळी द्विरुक्तीच हवी असंही नाही. नीट रचलेल्या पुष्कळपणासाठी मराठीत वस्तूगणिक शब्द आहेत: भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, मडक्यांची उतरंड. कबरींना यातलं काही लागत नाही, म्हणून तुमचं वाक्य मी असं करीन: ‘पांढऱ्या शिळांच्या रांगाच्या रांगा पार कुंपणापर्यंत गेल्या होत्या.’