साठीला आलेलं वय, ९६ किलो वजन: योगासनं सुरू करायची कुठून?

तुम्ही लिहिलंय की वय ५८, वजन ९६ किलो, गुडघे दुखतात, खाली बसलात की उठवायला कोणीतरी लागतं, आणि डॉक्टरांनी ‘योगा करा’ एवढंच सांगितलंय. या वयात, या अंगाने जमेल का, असं विचारता. जमेल. फक्त जमिनीपासून सुरुवात करू नका, खुर्चीपासून करा.

मी गोव्यातल्या फोंड्याची. पंचावन्नी उलटल्यावर सुरू केलं आणि वजनाने तुमच्यापेक्षा फार हलकी नव्हते. एका वर्गात पहिल्याच सकाळी सगळ्यांना सूर्यनमस्कार घालायला लावले. साष्टांग स्थितीत छाती टेकायच्या आधी आपलं पोट टेकतं, मग सगळा भार मनगटांवर आणि गुडघ्यांवर येतो. माझा गुडघा सुजला. त्यानंतर ज्या बाई भेटल्या त्यांनी आधी रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं सगळं विचारलं आणि खुर्ची पुढे केली. शिक्षक निवडताना एवढंच बघा: तो तुम्हाला वाकवायच्या आधी काही विचारतो का?

खुर्ची म्हणजे कमीपणा असं मनात आणू नका. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, दोर वापरून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडून आसनं करून घेतली, आज जगभर ती पद्धत शिकवतात. मात्र खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि तिची पाठ भिंतीला लावून ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. जुनं घर असेल तर दारातला बांधलेला सोपो (बसायचा कट्टा) सगळ्यांत उत्तम, तो हलतच नाही.

सुरुवातीला १५ मिनिटं पुरे. खुर्चीवर ताठ बसून हात वर घेणं, पाठीला बाक देणं आणि सोडणं. खुर्चीवर बाजूला तोंड करून बसून खुर्चीची पाठ धरून हलकेच वळणं. मग भिंतीला तळहात टेकून कमरेतून पुढे झुकणं, पाय अंतरावर ठेवून, म्हणजे पोटाला जागा मिळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं आणि सावकाश बसणं. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. मांड्यांत ताकद आली की गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. वज्रासनाचा आग्रह कोणी धरला तर स्पष्ट नाही म्हणा.

जमिनीवर जायचं ते नंतर, आणि उठणं हेच पहिलं आसन समजून शिकायचं. पलंगावर सराव करा: कुशीवर वळा, वरच्या हाताने रेटा देऊन बसा. जमिनीवर मग त्यापुढे गुडघे-तळहातांवर या (गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर), खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरा, ज्या पायात जास्त बळ आहे तो पुढे टेकवा आणि उभे राहा. पहिले काही दिवस घरचं कोणीतरी जवळ असू द्या. मला हे जमलं त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कुठल्याच आसनाने दिला नाही, कारण पडले तर उठेन कशी ही भीतीच गेली. शवासनात सपाट झोपून दम लागत असेल तर डोक्या-पाठीखाली उशा घ्या, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा.

टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती करू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर ती टाळायचीच. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, हाडं ठिसूळ असतील तर खोल पुढे वाकणं नको. श्वास न कोंडता अनुलोम-विलोम चालतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मांद्रे, हरमल, आगोंद इथल्या किनाऱ्यावरच्या योगशाळांना बिचकू नका, पण त्यांच्यावर अवलंबूनही राहू नका. तिथले बरेचसे वर्ग हंगामातल्या पाहुण्यांसाठी किंवा २०० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी असतात. आपल्याकडे देवळाच्या सभागृहात, पंचायतीच्या हॉलमध्ये पहाटे वर्ग चालतात, तिथे आपल्याच वयाची माणसं भेटतात. धारगळच्या आयुर्वेद संस्थेच्या रुग्णालयातही चौकशी करून बघा. गाऊन किंवा साडीत पाय अडकतात, सैल पायजमा घाला. घामाने चटई सरकते, टॉवेल जवळ ठेवा.

राहिलं वजन. अशा सौम्य आसनांनी ते फारसं उतरत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर दोन महिन्यांत काटा बघून सोडून द्याल. ते ताटातल्या भाताने, पावाने आणि रोजच्या चालण्याने ठरतं. माझंही थोडंच उतरलं. पण चालायला मला बळ आलं ते खुर्चीवरच्या या उठबशीने, आणि पावसात चालणं बंद पडतं तेव्हा घरात हेच चालू असतं.