अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ती ‘ताओ’वाली सौम्य पद्धत खरंच असते का, आणि तुम्ही त्यात कशा आलात?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात कोर्सला जाताय, सर म्हणतात सुई टोचली की पेशंटला झणका बसलाच पाहिजे आणि तिथे तुमचा हात थांबतो. थांबू द्या की. मला तर ते चांगलं लक्षण वाटतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. दादरला प्रॅक्टिस करायचे तेव्हा येणारे सगळे मान, खांदा, कंबरवाले. डोंबिवलीहून, विरारहून लटकत येणारे, रात्री परत लटकत जाणारे, आणि व्यायाम सांगितला की म्हणायचे मॅडम वेळ कुठंय. त्यातून अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि एका सीनियर मॅडमकडे असिस्टंट म्हणून राहिले. त्यांचं शिक्षण जपानी पद्धतीचं, केसासारख्या बारीक सुया, अगदी वरवर टोचायच्या.

एकदा बेस्टचे एक ड्रायव्हर काका आले होते, वर्षानुवर्षं स्टिअरिंग फिरवून खांदा नुसता लाकूड झालेला. मॅडमनी सुई लावली आणि स्नायूने ती घट्ट धरूनच ठेवली, ना फिरेना ना निघेना. सुई अडकणं तसं नवीन नाही, सगळ्यांकडे होतं. मी शेजारीच उभी होते, मला वाटलं आता ओढून काढतील. त्यांनी उलट हातच बाजूला घेतला, म्हणाल्या, “ओढायचं नाही गं, त्यालाच सोडू दे.” मग काकांना विचारलं, “काय काका, डेपोत काय म्हणतायत?” काका गाड्यांबद्दल भडाभडा बोलायला लागले, मॅडम सुईच्या आजूबाजूला बोटांनी हलकं चोळत राहिल्या, मग थोड्या अंतरावर आणखी एक बारीक सुई लावली आणि पहिलीकडे बघितलंसुद्धा नाही. जरा वेळाने ती आपोआप सैल झाली, दोन बोटांत धरली आणि अलगद बाहेर. मला तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो, कारण ओढलं असतं तर स्नायू आणखी आवळला असता हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

मी विचारलं हे कुठे शिकलात, तर त्यांनी च्वांग त्सुच्या खाटकाची गोष्ट सांगितली. म्हणजे ताओ या जुन्या चिनी विचारपरंपरेतला लाओ त्सुच्या बरोबरीने घेतला जाणारा ग्रंथ, त्यात एक खाटीक राजासमोर बैल कापतो. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, आणि याची १९ वर्षं तीच सुरी, तरी धार नवी. कसं, तर तो हाडावर मारतच नाही, सांध्यांमध्ये जिथे मुळातच मोकळी जागा आहे तिथून सुरी जाऊ देतो, आणि अवघड जागा आली की हात मंद करून नीट बघतो. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये हे शब्दशः लागू पडतं कारण सुई लावायचे बरेच पॉइंट खळग्यातच असतात. तुम्ही एसटी-३६, म्हणजे गुडघ्याखालचा पॉइंट, शोधला असेल. पेशंटचीच चार बोटं गुडघ्याच्या वाटीखाली आडवी धरायची, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट, आणि तिथे अंगठा हळूच सरकवत राहिलं की एका जागी तो आत बसतो. चार्टवर मोजलेल्या जागेपासून ती थोडी वरखाली निघते. मी आता सुईचं पाकीट उघडायच्या आधी तिथेच वेळ घालवते आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, ही पद्धत खरंच असते का. ‘ताओ अ‍ॅक्युपंक्चर’ नावाची एकच ठरलेली शाखा नाही, त्या नावाने वीकेंडला सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून लांब राहा. पण सौम्यपणा कोणी आत्ता काढलेलं फॅड नाही. लिंग-शू या दोन हजार वर्षांच्या आसपासच्या चिनी ग्रंथात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्यात, त्यातल्या एकीचं टोक राळ्याच्या दाण्यासारखं, तिने फक्त दाबायचं, आत घालायचंच नाही. सातव्या शतकातला सुन सिम्याओ, ताओवादी आणि वैद्य दोन्ही, त्याने लिहून ठेवलंय की वैद्याने आधी स्वतःचं मन स्थिर करावं, काही मिळवायची इच्छा न ठेवता, आणि गरीब श्रीमंत सगळ्यांना सारखं बघावं. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाच्या अंध वैद्याने सुई नळीतून घालायची युक्ती रुळवली, आज आपण वापरतो ती गाइड ट्यूब तीच, तिच्यामुळे बारीक सुई जवळजवळ न दुखता जाते. आणि अंध वैद्यांच्याच परंपरेतून पुढे तोयोहारी ही पद्धत आली, ज्यात सुई बऱ्याचदा त्वचेला नुसती टेकवतात.

(आपल्याकडे सगळे डॉ. कोटणीसांचं नाव घेतात. सोलापूरचे कोटणीस १९३८ ला भारताच्या वैद्यकीय मिशनमधून चीनला गेले ते सर्जन म्हणून. अ‍ॅक्युपंक्चर भारतात रुजवलं ते त्याच मिशनमधले डॉ. बिजॉय बसू यांनी, पन्नाशीच्या दशकात परत चीनला जाऊन शिकले आणि कोलकात्यात सुरू केलं. हे नाव मराठीत फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.)

फायदा होतो का? मायग्रेनचे अटॅक कमी करायला आणि ऑपरेशननंतरच्या मळमळीला मनगटाजवळच्या पी-६ या पॉइंटसाठी अभ्यास बऱ्यापैकी आहेत. पण मायग्रेनमध्ये खोट्या, म्हणजे नुसतं टोचल्याचं भासवणाऱ्या सुयांशी तुलना केली की फरक बराच कमी होतो, हे पेशंटला लपवून ठेवू नका. मी त्यातून एवढंच घेते की हलका स्पर्शसुद्धा शरीराला कळतो, मग जोर करायचं कारण काय. प्रत्येकाला हलकंच पुरतं असंही नाही हं, काही अंगमेहनतीची माणसं नीट खोल सुईशिवाय हलत नाहीत, त्यांना मी ती देते. कमीत कमी किती पुरेल ते बघायचं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. नाडी बघून, चेहरा बघून, श्वास कधी खाली पोटात उतरतो ते बघून ठरवायचं. तो उतरला की मी पुढची सुई लावतच नाही, ट्रेमध्ये उरल्या तर उरल्या.

सौम्य म्हणजे ढिलं मात्र नको. खांद्याच्या आणि छातीच्या सुयांखाली फुफ्फुस आहे, तिथलं अ‍ॅनाटॉमी पाठ पाहिजे. सुई दर वेळी नवी आणि वापरून झाली की सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का हे आधी विचारायचं, गरोदरपणात एलआय-४, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधला पॉइंट, टाळतात. आणि छातीत दुखतंय, एक हातपाय लुळा पडलाय, ताप उतरत नाहीये असं कोणी आलं तर सुईचं पाकीट न उघडता सरळ हॉस्पिटलला पाठवा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, कोर्स संपला की नोंदणी करून घ्या, आणि सध्याचा कोर्स कौन्सिलला चालतो का ते आत्ताच विचारा, फी भरून झाल्यावर नको.

सरांशी वाद घालू नका. त्यांची जोराची पद्धतसुद्धा पूर्ण शिका, हात तयार व्हायला ती लागतेच. फक्त घरी रोज स्वतःच्या पायावर एसटी-३६ बोटाने शोधत जा, सकाळी एकदा, दमून आल्यावर एकदा, दोन्ही वेळचा खळगा सारखा लागत नाही. काय फरक लागला ते खाली लिहा, मी वाचेन.