घरी बनवलेल्या लाकडी धनुष्याला कोणतं फिनिश द्यावं?

धामणीच्या लाकडाचं धनुष्य तुम्ही स्वतः घडवलंय, दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, सारखी वाकतायत. आता सुतार म्हणतो मेलामाइन (फर्निचरचं कडक पॉलिश) मारा, मित्र म्हणतो तेल चोळा, आणि तुम्ही मध्ये अडकलात. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. आधी लाखेचे दोन-तीन हात, त्यावर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निशचे, पातळ हात. पण डबा आणण्याआधी कॅलेंडर बघा, कारण पुण्यात खरा घोळ तिथेच होतो.

हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. ८० टक्के असेल तर १६ च्या घरात जातो. धनुष्याला ८ ते १० मानवतो. त्याहून ओलं असेल तर जोर कमी होतो आणि दोरी उतरवली तरी पाती वाकलेलीच राहतात. फार कोरडं असेल तर खेचताना कडकन मोडतं. आपल्याकडे मे आणि जुलै ही दोन्ही टोकं एकाच घरात दाखवतात. आणि कुठलंही फिनिश ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचं येणं-जाणं सावकाश करतं. म्हणजे जुलैत बंद केलेलं धनुष्य पाणी पोटात घेऊनच बंद होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. धीर नसेल तर निदान धनुष्य स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आडवं ठेवा आणि दोन-तीन दिवसांआड वजन लिहून ठेवा. आकडा उतरायचा थांबला की मगच पॉलिश पेपर हातात घ्या.

तेलाचं सांगतो. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, दिसायला सुंदर, लावायला सोपं, पण हवेतला दमटपणा अडवण्यात अगदीच कच्चं. घरात भिंतीवर टांगायचं असेल तर खुशाल लावा. मेलामाइन कडक असतं, टेबलाला ते शोभतं. दर बाणाला वाकणाऱ्या पात्यावर त्याला बारीक तडे जायची भीती असते, आणि तड्यातून पाणी शिरलं की सगळा थर सोलूनच काढावा लागतो. सुताराचं चुकत नाही, तो फर्निचरचा विचार करतोय.

लाख वाफ चांगली अडवते. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) आणि स्पिरिट दोन्ही मिळतं. लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, अधूनमधून हलवत. विरघळला की बरणी काही दिवस अजिबात हलवू नका. लाखेतलं मेण गढूळ होऊन खाली बसतं आणि वर चहाच्या रंगाचं निवळ पाणी राहतं. तेवढंच हळूच ओतून घ्यायचं. मेण राहिलं तर वरचं पीयू नीट धरत नाही. मलमलच्या बोळ्याने लांबीच्या दिशेने हात मारा, गेलेल्या जागेवर लगेच परत फिरू नका. पावसाळी हवेत लाख दुधासारखी पांढरी पडते, हे हिवाळ्यात करण्याचं आणखी एक कारण.

पीयू सिंगल पॅक (वेगळं हार्डनर मिसळावं न लागणारं), तेलाच्या बेसचं, मॅट घ्या आणि डब्यावर सांगितलेल्याच थिनरने पातळ करून कापडाने पुसल्यासारखं लावा. जाड थर देऊ नका. पात्याच्या टोकाशी वाढलेलं वजन बाणाचा वेग खातं. पाठ (बाण सोडताना समोर असलेली बाजू), पोट (आपल्याकडची बाजू), कडा सगळीकडे हात सारखेच द्या, नाहीतर एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ओलावा पिते. दोरीच्या खाचा आणि टोकं मात्र अपवाद: तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात, पाणी तिथूनच आधी शिरतं, म्हणून तिथे दोन हात जास्त.

घासण्याचं थोडक्यात: १२०, १८०, २२० नंबर, नेहमी लांबीला धरून. शेवटी ओलसर फडकं फिरवा, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर २२० ने हलकेच उतरवा. मग ट्यूबलाइटखाली धनुष्य तिरकं धरून बघा. पोटावर आडवा ओरखडा दिसला तर तो जाईपर्यंत थांबू नका. पाठीवर मात्र हात हलका ठेवा, तिथला वार्षिक वलयाचा थर कापला गेला तर धनुष्य तिथूनच उचकटतं. खड्डा दिसला म्हणून लांबी (पुट्टी) तर मुळीच भरू नका! फिनिशआधी शंभरेक बाण सोडून झालेले असावेत, नंतर पाती तासावी लागली तर सगळी मेहनत पाण्यात.

मुठीवर चामडं चिकटवणार असाल तर तेवढ्या भागात पीयू लावू नका, गोंद धरत नाही. नुसती लाख चालेल. आणि मित्राचं ऐकून तेलच लावलंत, तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.