एचटीटी-40 हे शिकाऊ विमान नाशिकजवळच्या ओझरचंच का? आणि प्रोटोटाइप उडाल्यावर पुढे एवढी वर्षं का गेली?

पूर्ण ओझरचं नाही. आराखडा आणि प्रोटोटाइप एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) बंगळुरूचे. पहिलं उड्डाणही तिथेच, 31 मे 2016 ला. ओझरला उत्पादनाची दुसरी लाइन आहे, तिचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. मिग आणि सुखोई बांधलेल्या गावाला हे तसं लहान काम, पण नाशिककर म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

वेळ खाल्ला तो मुख्यतः स्पिनने. विमानाचा वेग फार पडला, पंखांची उचल गेली की ते गरगरत खाली येतं, त्याला स्पिन म्हणतात. नवशिक्याच्या हातून असं कधीतरी होणारच. म्हणून शिकाऊ विमानाला मुद्दाम स्पिनमध्ये घालून दरवेळी सुखरूप बाहेर काढता आलं पाहिजे. त्यासाठी शेपटीत बदल करावे लागले, मग पुन्हा सगळ्या चाचण्या. लढाऊ विमानापेक्षा हे सोपं असेल असं वाटतं ना? इथे मात्र चूक करणारा पायलट गृहीतच धरलेला असतो!

मार्च 2023 मध्ये हवाई दलासाठी 70 विमानांचा करार झाला.