दिवे घाटात गाडी ओढत नाही. रीमॅप करावे का?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची टर्बो-डिझेल हॅचबॅक असून तिचे एक लाख दहा हजार किलोमीटर रनिंग झाले आहे. हडपसरहून सासवडला जाताना दिवे घाटाच्या वळणांवर, विशेषतः ट्रकमागे वेग कमी करावा लागल्यावर, गाडी पुन्हा जोर धरायला फार वेळ लावते आणि मागून काळा धूर येतो. पूर्वी असे होत नव्हते. एका गॅरेजवाल्याने ईसीयू रीमॅप करून घेण्यास, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून घेण्यास, सुचवले आहे. करावे काय? — एक वाचक, हडपसर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पूर्वी असे होत नव्हते’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ईसीयूमधील प्रोग्रॅम वापराने झिजत नाही; त्यामुळे घटलेल्या ताकदीचे कारण आधी इंजिनाच्या भागांत शोधावे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडणे. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमार्गे (ती थंड करणाऱ्या भागातून) इंजिनात नेणाऱ्या रबरी होजला बारीक चीर गेली किंवा तिचा क्लॅम्प सैल झाला, की मोजलेली हवा वाटेतच निसटते. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली राहते आणि चढावर दाब वाढला की उघडते. म्हणूनच गॅरेजात रेस करून पाहिल्यावर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले जाते. होजच्या बाहेरून तेलकट डाग दिसतो का, चढावर ‘सूं’ असा आवाज येतो का, हे पाहावे. त्याखेरीज ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अर्धवट उघडा अडकणे आणि एअर फिल्टर धुळीने चोंदणे हीही नेहमीची कारणे आहेत. स्कॅनर लावून अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्टचे (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचे) आकडे घाट चढतानाच तपासून घ्यावेत.

रीमॅपमध्ये बूस्ट, डिझेलचे प्रमाण आणि ते सोडण्याची वेळ बदलतात. निरोगी इंजिनात त्याने फरक निश्चित पडतो. परंतु गळक्या होजवर डिझेल वाढवले तर वाढतो तो धूर. शिवाय १२०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टर्बो फिरवण्यापुरता एक्झॉस्टचा प्रवाहच नसतो, आणि ही उणीव कोणत्याही रीमॅपने पुरती भरून निघत नाही. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम यांचा गुणाकार : २०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमला मिळाला, तर सुमारे ३७ किलोवॅट होतात. म्हणून वळणाआधीच खालचा गिअर टाकून काटा १८०० च्या आसपास ठेवावा. मायलेजच्या हौसेने तिसऱ्यातच घाट चढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि दोष मात्र गाडीला लागतो.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार करता येत नाही. विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

दुरुस्तीनंतरही रीमॅपची इच्छा राहिलीच, तर आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागावा आणि त्यापूर्वी क्लच तपासावा : चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढून वेग तेवढाच राहिला, तर प्लेट घसरते आहे, आणि अशा गाडीचा टॉर्क वाढवू नये.